पक्षकाराच्या अंगावरचा मोहोर

आंब्याच्या झाडाला कोर्टात बोलावतात तसा पुकारा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच घरात भाड्यानं राहत होतो.

सांगलीहून मालवणच्या एका हायस्कुलात चित्रकला शिक्षक म्हणून मी आलो, तेव्हा गावापासून थोडं आत, आंब्याच्या कलमांमध्ये दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच पहाटे खणखणीत आवाजानं जाग आली, "समोरचं मोठं कलम, राहणार आमचं खळं, हाजीर होऽऽ!" मी अर्धवट झोपेत होतो. शाळेची सवय. अंथरुणातूनच ओरडलो, "हजर सर!"

मग खिडकीत एक पांढरी मिशी आली आणि म्हणाली, "मास्तरानू, तुमका नाय. झाडाक."

हे आमचे घरमालक. सबंध नोकरी त्यांनी तालुक्याच्या एका कोर्टात पुकारा करणारा शिपाई म्हणून काढली. न्यायाधीश बदलून जात, वकील म्हातारे होत, खटले तसेच राहत, आणि यांचा आवाज व्हरांड्यातून थेट बाजारापर्यंत जात असे. निवृत्त झाल्यावर माणूस घरी आला, पण आवाजाला काही पेन्शन बसेना. मग तो कलमांना, कावळ्यांना आणि बुलबुलांना पुरवला गेला.

त्यातही त्यांचा एक दंडक होता. माणसांशी बोलायचं ते मालवणीत. झाडं, पाखरं, भटकी कुत्री यांच्याशी मात्र कोर्टातली शुद्ध मराठी. वायरवर बसलेल्या कावळ्याला ते हात मागे बांधून सांगत, "आपणांस समज देण्यात येते की, आपण आपला कार्यभाग हद्दीबाहेर उरकावा." कावळा मान वाकडी करून ऐके आणि उडून जाई. मी वर्गात इतकं ओरडतो, पण माझ्या शब्दाला अशी किंमत मिळाल्याचं मला आठवत नाही.

हा सगळा बंदोबस्त होता गाडीसाठी.

पिकल्या जांभळाच्या रंगाची ती गाडी त्यांनी निवृत्तीनंतर मडगावच्या एका गृहस्थाकडून घेतली होती. तिला ते गाडी म्हणत नसत. पक्षकार म्हणत. "पक्षकाराची आंघोळ जावंदे, मगे च्या घेतंय." "पक्षकाराक उन्हात ठेवलां, हलवूक व्हयो." पक्षकाराच्या आंघोळीचे नियम माझ्या आंघोळीपेक्षा कडक होते. आधी तांब्यानं नुसतं पाणी, टपावरून खाली, धूळ आपली आपण वाहून जाईपर्यंत. मग साबणाचं पाणी, मऊ हातानं. मग पुन्हा पाणी. आणि सुकं फडकं? त्याचं नाव काढायचं नाही. "सुक्या फडक्यान पुसतलास तर धुळीचो एक एक कण रंगार रेघ मारता. सुको फडको घेवन येता तो माजो वैरी," असं ते मला भाडं ठरवतानाच सांगून मोकळे झाले होते.

थंडी सुरू झाली की कलमं मोहरत आणि घरमालकांचा रक्तदाब चढे. मोहोर दिसायला सुंदर, वासानं जीव वेडावतो, सगळं खरं. पण त्याच्याखाली गाडी लावून बघा. वरून पिवळी भुकटी पडते, फुलांचा चुरा पडतो, आणि मोहोरावर बसणारे तुडतुडे वरून बारीक चिकटा गाळत असतात. हे तिन्ही एकत्र आले आणि वर ऊन लागलं की गाडीवर खळीचा थर बसतो. दारात मोठ्ठं कलम, गाडी ठेवायला दुसरी जागा नाही, आणि कलम तोडायचं म्हणजे हात तोडण्यासारखं. म्हणून ते दर वर्षी मोहोर फुटायच्या सुमारास गाडीवर माटव घालत.

माटव म्हणजे लग्नाकार्याला खळ्यात, म्हणजे अंगणात, घालतात तो मांडव. सुपारीचे खांब, वर बांबू, वर नारळाची विणलेली झापं. यांचा माटव इतका रीतसर असे की रस्त्यानं जाणारा माणूस हमखास वळून आत येई.

"झिलाचा लगीन तर झाला मा?" एकदा शेजारच्या वाडीतले एक म्हातारे चप्पल काढून पडवीत येऊन टेकले. झील म्हणजे मुलगा. "मगे ह्यो माटव कोणाचो?"

"पक्षकाराचो," घरमालक म्हणाले.

"खंयचो पक्षकार?"

"मडगावचो. सेकंडहँड."

म्हाताऱ्यांनी चहा घेतला, चप्पल घातली, आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की ह्यांच्याकडे मडगावचा कोणी बिजवर आलाय.

काकी, म्हणजे घरमालकीणबाई, हे सगळं नारळ खवता खवता बघत. "माज्या लग्नाक सुदीक एवढो माटव नाय होतो," त्या म्हणत. मी हसत असे. त्या हसत नसत. त्यांना हसू का येत नाही, ते मला एका शिवरात्रीच्या तोंडावर कळलं.

काकींचं माहेर विजयदुर्गचं. भावांच्या हापूसच्या मोठ्या बागा. अशा घरातली मुलगी कोर्टातल्या शिपायाला दिली, ती वडिलांच्या शब्दाखातर. थोरल्या भावाला ते कधीच पटलं नाही.

"लग्नात सगळ्यांच्या म्होरे म्हटल्यान," काकींनी मला सांगितलं, "हिचो घोव दुसऱ्यांची नावां घेवन आराडता. तो काय हिका गाडयेतसून म्हायेराक हाडूचो नाय. मी थंयच सांगलंय, एक दिस शिवरात्रीक घोवाच्या गाडयेतसून तुज्या दारात उतारतलंय."

विजयदुर्गाकडची शिवरात्र म्हणजे सगळं माहेर एकत्र येतं. मुंबईचे येतात, बहिणी येतात, सुना-नातवंडं येतात. नवऱ्याच्या गाडीतून उतरायचं तर त्याच दिवशी, सगळ्यांदेखत. घरमालकांनी गाडी घेतली ती खरं म्हणजे ह्याच एका दिवसासाठी. पण गाडी दारात आली, त्यांनी तिचा रंग पाहिला, आणि घोटाळा झाला. शिवरात्र पडते नेमकी मोहोरात.

"आचऱ्यापासून पडेलपर्यंत रस्त्याच्या दोनय बाजूक कलमां," ते कळवळून म्हणत. "वरसून मोहर, खालसून धूळ. पक्षकाराक मी मरूक न्हेव?"

"नका न्हेव," काकी म्हणत. "वर्सा झाली. शिवरात्र येता, मोहर येता. ती माटवात बसता, मी एसटीत बसतंय."

आता इथं शहाण्या माणसानं आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला हवं होतं. मी म्हणालो, "काका, रंगाला काही होणार नाही असं केलं तर न्याल?"

"रंगाक कायेक होवचा नाय अशी हमी कोण देता तर न्हेतंय. पण हमी देतलो कोण?"

"मी देतो."

"तुमी?"

"मी चित्रकलेचा शिक्षक आहे, काका. रंगातलं मला कळतं."

काकींचा नारळावरचा हात थांबला. घरमालक उठले, मला खळ्यात मोठ्या कलमासमोर उभं केलं आणि म्हणाले, "मास्तर, राहणार सांगली, हल्ली मुक्काम माझी पडवी, खरं सांगणार?" मी म्हणालो, "खरं सांगेन." तेव्हा त्यांनी माझ्याशीही शुद्ध मराठी वापरली, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

माझं रंगातलं ज्ञान काय होतं ते सांगतो. दर वर्षी मुलांकडून 'जत्रेतील दृश्य' काढून घेणं आणि ज्यात पाळणा गोल असेल त्याला पास करणं. पण मोबाईलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. परदेशातला एक माणूस गाडीला कसलंसं मेण चोळतो, मग तिच्यावर पराग टिकत नाही, पाणी ओतलं की सगळं घरंगळून जातं. तसली डबी मी मालवणच्या बाजारात विचारली, तर दुकानदारानं माझ्यापुढं मेणबत्तीचं पाकीट ठेवलं. तेव्हा मला माझं कॉलेज आठवलं. तैलचित्र शेकडो वर्षं कशानं टिकतं? तेलानं. आणि ह्या घरात तेलाला काय तोटा? काकी केसांना खोबरेल लावत, कोयत्याला लावत, दाराच्या बिजागरीला लावत, सागवानी खुर्चीला लावत. तेल लावून न सुधारलेली एकच वस्तू त्या घरात उरली होती आणि ती माटवात उभी होती.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, उद्याचा उपास म्हणून, घरमालक सकाळीच मालवणला मासे आणायला गेले. रिक्षानं. पक्षकाराला मासळीचा वास लागू नये म्हणून. काकींनी घाण्यावरचं खोबरेल आणि जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा आणून दिला. मी गाडी माटवातून बाहेर, उजेडात काढली, सगळे नियम पाळून तिला आंघोळ घातली आणि मग माथ्यापासून चाकांपर्यंत तेल चोळलं.

काय दिसत होती ती! तिच्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तोही बरा दिसला. काकी पदर हनुवटीला लावून उभ्या राहिल्या. "बाय माजे," त्या म्हणाल्या, "भावाच्या गाडयेक असो रंग नाय हां."

तेवढ्यावर गाडी माटवात ढकलली असती तर मी आज हे सांगत बसलो नसतो. पण मला वाटलं, तेल जरा मुरू द्यावं. आपल्या लोकांचा मुरण्यावर फार विश्वास. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, मग रंगात तेल का नाही मुरणार? मी जेवलो आणि पडवीत आडवा झालो.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला. मला झोपेत छान गार वाटलं.

उठून पाहतो तर गाडीला केस आले होते. दुसरा शब्द नाही. मोठं कलम यंदा नुसतं लगडलेलं, त्यानं वाऱ्याबरोबर जे जे गाळता येईल ते गाळलं होतं, आणि खोबरेलानं त्यातला एक कणही खाली पडू दिला नव्हता. पिवळी भुकटी, फुलं, देठ, मेलेले तुडतुडे, आणि मधेच जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा टेम्पो गेला असावा, म्हणून त्यावर तांबडी धूळ. लाडवाला खसखस लावावी तशी गाडी चहूबाजूंनी घोळली गेली होती. चाकावरून मुंग्यांची एक रांग शिस्तीत वर चालली होती.

घाबरलेला माणूस काय करतो? हाताला लागेल ते फडकं उचलतो. ते सुकं होतं. मी दारावरून एकच हात फिरवला आणि त्याच क्षणी फाटकाशी रिक्षा थांबली.

घरमालक हातात पिशवी घेऊन आले. त्यांनी गाडी पाहिली. फडकं पाहिलं. पिशवी हळूच खाली ठेवली. मांजर आलं, पिशवीत शिरलं, तरी ते हलले नाहीत. मग त्यांनी हात मागे बांधले.

"हमीदार हाजीर आहेत काय?"

शुद्ध मराठी! म्हणजे मी आता माणसांत उरलो नव्हतो. माझी रवानगी कावळ्यांत झाली होती.

"आहे," मी म्हणालो.

"पक्षकाराच्या अंगावर हे काय आहे?"

"खोबरेल."

"त्याच्यावर?"

"मोहोर."

"त्याच्यावर?"

"मुंग्या."

त्यांनी तांब्यानं पाणी ओतून पाहिलं. पाणी मोत्यांसारखं घरंगळून गेलं, रंगाला शिवलंसुद्धा नाही. माझी हमी तेवढ्यापुरती तंतोतंत खरी होती. पण घाणही जागची हलली नाही. साबण लावला तर त्याचं पिठलं झालं. घासायचं म्हणजे रेघा. शेवटी ते पायरीवर बसले आणि मोठ्या कलमाकडे बघून म्हणाले, "आपली काही चूक नाही. आपण मोकळे आहात." माझ्याबाबतचा निकाल राखून ठेवला.

मी त्या दिवशी काकींच्या तोंडाकडे बघितलं नाही. भावाला दिलेला शब्द मी त्यांच्यासाठी खरा करायला निघालो होतो, आणि आता तो पुढच्या सगळ्या शिवरात्रींसाठी बुडाला, असं मला वाटत होतं. ह्यापुढं हा माणूस गाडी माटवातून काढणार कसा?

सकाळी काकी साडी नेसून, पिशवी घेऊन बाहेर आल्या. एसटीची वेळ झाली होती. पण त्या फाटकाकडे वळल्या नाहीत. सरळ गाडीशी गेल्या, पुढचं दार उघडलं आणि आत बसल्या.

"गो, उतार," घरमालक म्हणाले.

"कित्याक? रंग वाचवचो म्हणान इतकी वर्सा माका एसटीत बसयलास. आता वाचवचा काय रवलाहा?"

"वाटेर मोहर पडतलो गो."

"पडांदे. पडतलो खंय? गाडयेर जागा आसा खंय?"

एवढी बिनतोड बाजू घरमालकांनी कोर्टातही ऐकली नसावी. मग गाडीची किल्ली आणायला आत गेले. जाता जाता मला म्हणाले, "मास्तरानू, मागे बसा." मालवणीत! मला इतका आनंद झाला की मी केळ्यांच्या घडावरच बसलो.

आचऱ्यापर्यंत काकी गात होत्या म्हटलं तरी चालेल. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, एका थांब्यावर गाय येऊन बॉनेट चाटू लागली, काही पर्यटकांनी फोटो काढले. पण पडेल गाव मागं पडलं तशा काकी गप्प झाल्या. आरशात मला त्यांचं तोंड दिसत होतं.

"इतकी वर्सा थांबलंय," त्या हळूच म्हणाल्या, "आणि येवन येवन अशा गाडयेतसून येवचा होता?"

घरमालकांनी गिअर बदलला. मी केळी मोजू लागलो.

भावाच्या घरापुढं सगळं माहेर जमलेलं. मधोमध भावाची भली मोठी पांढरी गाडी, आरशासारखी. आमची गाडी आत शिरली. थोरले भाऊ पायऱ्या उतरून आले. काकी मात्र दार उघडीनात.

घरमालक उतरले. पुढून वळसा घालून काकींच्या बाजूला आले. दार उघडलं, हात मागे बांधले, छाती भरून घेतली, आणि काकींचं नाव पुकारलं. लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, "राहणार मालवण, मूळ राहणार विजयदुर्ग, आपल्या माहेरी, आपल्या गाडीतून, हाजीऽऽर!"

समोरच्या माडावरचे बगळे उडाले. ज्या आरडण्याला भावानं एकदा नाव ठेवलं होतं, ते आरडणं आता त्याच्याच दारात, त्याच्याच बहिणीच्या नावानं घुमत होतं. काकी उतरल्या. ताठ.

थोरल्या भावांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"भावोजी, ह्यो मोहर खंयचो?"

उत्तर काकींनी दिलं. "आमच्या दारातल्या कलमाचो. कालची एक दुपार गाडी खाली उभी होती. एकच दुपार."

तेव्हा मला आठवलं, आठवड्यापूर्वी काकी फोनवर वहिनीशी बोलत होत्या. अवकाळी पाऊस, विजयदुर्गाकडच्या बागांचा मोहोर काळा पडून गळालेला. भावांनी आपल्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. ती सबंध महिना कलमांखालीच उभी होती, आणि इतकी स्वच्छ होती की बघवत नव्हती.

"एवढो मोहर," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं, सोबत चहाला बोलावत, "वांगडा च्या घेवया, भावोजी. पयलो तुमी बसा."

एवढ्यात वहिनी पूजेचं ताट घेऊन आल्या. शिवरात्रीला महादेवाला आंब्याचा मोहोर वाहतात, आणि त्यांच्या बागेत वाहण्याजोगी एक डहाळी नव्हती. आमच्या गाडीच्या वायपरमध्ये एक अख्खा तुरा अडकला होता. त्यांनी तो अलगद सोडवून ताटात ठेवला. त्याला खोबरेलाचा वास येत होता. महादेवानं चालवून घेतला असावा.

गाडी पुन्हा जांभळी व्हायला पुष्कळ दिवस लागले. तिच्या दारावर माझ्या फडक्याची एक बारीक रेघ मात्र कायमची राहिली. घरमालक ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, "ही मास्तराची चित्रकला."

पुढं माझी फोंडाघाटाला बदली झाली. आमच्या शाळेसमोरही एक आंबा आहे, तो मोहरला की मला इतर कुणाच्याही आधी घरमालक आठवतात, कारण त्यांचा फोन येतोच. ते 'हॅलो' म्हणत नाहीत. गेल्या शिवरात्रीच्या आदल्या दिवशीही मी वर्गात होतो, मोबाईल कानाला लावला, आणि माझं नाव मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"हजर," मी म्हणालो. सगळा वर्ग उगीचच उभा राहिला.

"मास्तरानू, माटव सोडलो. पक्षकार कलमाखाली उभो आसा, वारो बरो सुटलोहा. काकीन उद्याची साडी काढून ठेवलीहा." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "तेल कितक्या लावचा, ता सांगा."